सही करण्याआधी

(रबाळे येथे वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषणं ठोकणारा माणूस नाही. गोदीत हमाली करतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. आज कविता नाही. आज एका कागदाबद्दल बोलायचंय.

माझी ताई इथंच रबाळ्यात राहते, एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिचा पोरगा नऊ वर्षांचा. उशिरा चालला, उशिरा बोलला. सर्टिफिकिटावर लिहिलंय, बौद्धिक अक्षमता, पन्नास टक्के. शाळेत नाव आहे. एक दिवस शाळेतून निरोप आला, सही करून जा. ताईनं अर्धा दिवस खाडा केला. समोर चार पानं ठेवली. ‘मुलाच्या फायद्याचं आहे,’ असं सांगितलं. तिनं सही केली. संध्याकाळी झेरॉक्स माझ्या हातात दिली न् म्हणाली, ‘वाच रे, काय लिहिलंय?’

वाचलं. एकदा, दोनदा. कवी म्हणवून घेणाऱ्या मला काही कळलं नाही. वर ‘वैयक्तिक शैक्षणिक आराखडा’. खाली ‘बोधात्मक विकास’, ‘कारक कौशल्ये’, ‘प्रगती समाधानकारक’. शेवटच्या पानावर एक ओळ होती: ‘पालकांच्या संमतीने गृहाधारित शिक्षण.’ ती तेवढी कळली. म्हणजे पोराला घरी बसवायचं. नाव हजेरीपटावर, पोरगं खोलीत कुलपाआड, आई कारखान्यात. ताईला वाटलं होतं, भत्त्याचा कागद असेल.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून गोणपाट नेऊन वेगळं बसावं लागत होतं. नाव शाळेत, पोरगं गोणपाटावर. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी आपल्याच वस्तीत, आपल्याच घरात लंगड्या, मुक्या, मंद म्हटल्या जाणाऱ्या पोरांचं गोणपाट आपल्याला दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. आधी ते कबूल करतो.

आता हा आराखडा काय असतो ते माझ्या भाषेत सांगतो. बोटीतून माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क उभा असतो. किती गोण्या उतरल्या, किती फाटल्या, कुठल्या शेडमध्ये गेल्या, सगळं लिहितो. ‘बराच माल उतरला’ असं त्यानं लिहिलं तर चालेल का? मग पोराच्या कागदावर ‘प्रगती समाधानकारक’ कसं चालतं?

खऱ्या आराखड्यात पाच गोष्टी पाहिजेत. एक, पोराला आज काय येतं. दोन, वर्षाअखेर काय यायला पाहिजे, तेही मोजता येईल असं. तीन, कोण शिकवणार, आठवड्याला किती तास. चार, कुठली सोय देणार: रॅम्प, मोठी अक्षरं, खुणांची भाषा, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक. पाच, कधी तपासणार आणि आईबापाला कधी सांगणार. यातलं एक जरी कोरं असेल तर सही करायची नाही. घाई करतील, तर म्हणायचं, ‘कागद घरी नेतो, वाचून आणतो.’

हा कागद आला कुठून? अमेरिकेतून. 1972 साली वॉशिंग्टनमध्ये शाळेनं बाहेर काढलेल्या पोरांच्या वतीनं खटला झाला. नावानिशी उभी केलेली सातही पोरं काळी होती. शाळा बोर्ड म्हणालं, पैसे नाहीत. कोर्ट म्हणालं, पैसे कमी असतील तर त्याचा बोजा याच पोरांवर टाकता येणार नाही. 1975 साली कायदा झाला. प्रत्येक अपंग मुलाचा लेखी आराखडा पाहिजे आणि त्याच्या बैठकीत आईबाप पाहिजेत, हे त्यात आलं.

आणखी एक सांगतो. अपंगांच्या हक्कांची नियमावली सरकार दाबून बसलं होतं, म्हणून एप्रिल 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शंभरावर अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसून बसली. तीन आठवड्यांहून जास्त हलली नाहीत. त्यांना रोज गरम जेवण कुणी पोचवलं? ब्लॅक पँथरनी. त्यांचा एक कार्यकर्ता व्हीलचेअरवर स्वतः आत बसला होता. शेवटी नियमावलीवर सही झाली. 1972 साली आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून ‘पँथर’ नाव घेतलं, त्यांनी हे केलंय. तेव्हा ‘हा आपला प्रश्न नाही’ असं इथं कुणी म्हणू नये.

आता आपला कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 2017 साली. आधीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. कलम 16 म्हणतं, गरजेप्रमाणे त्या-त्या मुलाला आधार द्या, भेदभाव न करता दाखल करा. कलम 31 म्हणतं, चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. घरी शिक्षणाची तरतूद 2012 साली शिक्षण हक्क कायद्यात आली. ती बहुविध आणि तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांसाठी, आणि तो त्यांनी निवडायचा हक्क आहे. शाळेनं वाटायची शिक्षा नाही. 2018 पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 3500 रुपयांची आणि मुलींना महिना 200 रुपये भत्त्याची तरतूद ठेवली. 2021 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे.

पण भोळेपणा नको. प्रत्येक पोराचा लेखी आराखडा आणि त्याच्या बैठकीत आईबापाची खुर्ची, हे अमेरिकेसारखं आपल्या कायद्यात नावानिशी लिहिलेलं नाही. म्हणून मागावं लागतं. लेखी मागायचं, पोच घ्यायची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तिथं विषय काढायचा. नाहीच ऐकलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार.

आम्ही काय केलं? दोन दिवसांनी मी पाळी बदलून ताईबरोबर गेलो. संमती मागे घेतल्याचा अर्ज दिला. ‘एका मुलासाठी चाळीस मुलांचं नुकसान करायचं का?’ असं आम्हाला विचारलं. मी आवाज चढवला. ताईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, ‘बाई, तो माझ्याकडं भांडी मोजून ठेवतो. तुमच्या कागदावर लिहिलंय त्याला आकडे येत नाहीत.’ खोलीत सगळे गप्प झाले. फिरत्या विशेष शिक्षिका तिथं होत्या. चांगल्या बाई. अंगावर कितीतरी शाळा, पंधरा दिवसांतून एकदा इथं येणार. त्यांनी पहिलं पान फाडलं आणि ताईला विचारून नवीन लिहायला घेतलं. काय येतं? भांडी मोजतो, वीसपर्यंत. काय यायला पाहिजे? मार्चपर्यंत रोजच्या दिसण्यातले दहा शब्द वाचणं. त्यात स्टेशनच्या पाटीवरचा ‘रबाळे’ पहिला.

मार्चमध्ये सहा शब्द झाले. दहातले सहा. टॅली पुरी लागली नाही, पण टॅली आहे. उरलेले चार कुणी घ्यायचे, किती तास, हे आता विचारता येतं.

दोस्तहो, त्या खोलीत बोलली ताई. मी नुसता शेजारी बसलो होतो आणि कागद वाचला होता. तेवढंच काम मी तुमच्याकडं मागतोय. तुम्ही मॅट्रिक आहात, काहीजण ग्रॅज्युएट आहात. प्रत्येकानं एक घर घ्या. आईला मागं सारून पुढारी होऊ नका. तिच्या बाजूला बसा. अवघड शब्द आला की विचारा, ‘म्हणजे काय?’ लाजू नका, मलाही कळला नव्हता. बैठकीच्या आदल्या रात्री पोराला काय काय येतं ते तिच्याकडून लिहून घ्या. ते शाळेला माहीत नसतं.

येत्या रविवारी सकाळी मी इथंच बसणार आहे. ज्याच्या घरी असा कागद पडलाय त्यानं घेऊन यावा. सही झालेली असली तरी आणावा.

जय भीम.