आईचा सातवा किल्ला

आम्ही दोघी बहिणी, मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरच्या चाळीत वाढलो. आज आम्ही मारिओबद्दल बोलणार आहोत. हो, तोच मिशावाला, लाल टोपीतला.

हा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली काढला, शिगेरू मियामोतो यांनी तो रचला. आपल्याकडे तो आला नकली यंत्रांतून. आमचं यंत्र मामाने मनीष मार्केटमधून आणलं होतं. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, एवढंच त्यातलं तंत्र आम्हाला ठाऊक.

दोघांनी खेळायचं तर पहिला मारिओ, दुसरा त्याचा भाऊ लुईजी. मारिओ मेला की मगच लुईजीची पाळी. आमच्या घरी मारिओ कायम दादा. आम्ही दोघी एका लुईजीत वाटून घेतलेल्या, आणि दादा लवकर मरत नसे.

आई राख्या करायची. दुपारी दादा क्लासला गेला की गोंदाचे हात धुऊन म्हणायची, "एक डाव मला द्या गं." दार आधी लोटून घ्यायची. पहिल्या दिवशी ती त्या पहिल्याच चालत्या भुईछत्रीला धडकून तीनदा मेली. या खेळात मागे फिरता येत नाही. पडदा पुढेच सरकतो, वर घड्याळ चालू. आईला ते बरोबर जमलं, कसं ते आम्हाला आजही कळत नाही. किल्ल्यात आगीचे गोळे गोल फिरतात, तिथे आम्ही घाबरून उड्या मारायचो. ती उभी राहायची, दोरीच्या उड्यांसारखं तोंडातल्या तोंडात मोजायची आणि निघायची.

आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे बत्तीस. काही किल्ले चकव्याचे. वाट चुकली की तेच तेच पुन्हा समोर. आईने 'वरून, खालून' अशी वाट दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून काढली. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. मग स्टार्टचं बटण दाबून तो थांबवायचा, टीव्ही बंद करायचा आणि तापलेला ॲडॉप्टर दादाला दिसू नये म्हणून पिशवीमागे सारायचा. दुसऱ्या दुपारी पुढे. मधेच वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

किल्ला जिंकला की एक बुटका येऊन सांगतो, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. आई वैतागायची, "एवढं करून ही बया नेहमी दुसरीकडेच कशी?"

सातव्या जगाचा किल्ला तिने एका शुक्रवारी घेतला. आम्हाला राहवेना. रविवारी घरी हळदीकुंकू होतं, तिथे आम्ही मोठ्या तोंडाने सांगितलं, आमची आई दादापेक्षा पुढे गेली! बायका हसल्या. एक जण म्हणाली, "तरीच राख्या वेळेवर होत नाहीत." आईही हसली, वाण वाटत राहिली. सोमवारी दादा गेला, आम्ही यंत्र लावलं. ती म्हणाली, "तुम्ही खेळा." परत कधी हातात घेतलं नाही.

तेव्हा आम्हाला वाटलं, कंटाळली असेल.

गेल्या वर्षी घर रिकामं करताना ती वही सापडली. दुधाच्या लिटरांखाली सात किल्ले लिहिलेले, मग 'आठ' आणि पुढे कोरं पान. आम्ही दोघी तिथेच बसलो. मग धाकटीच्या मुलाला सांगून तो खेळ मोठ्या टीव्हीवर लावून घेतला. आता तर खेळ हवा तिथे साठवताही येतो म्हणे. आई आता सत्तरीच्या पुढे. आम्ही म्हटलं, "आई, आमचं चुकलं तेव्हा." ती काही बोलली नाही. चष्मा पुसला, रिमोटसारखं ते उलटसुलट करून पाहिलं.

"पळायचं बटण कुठलं गं?" तिने विचारलं. "आणि दार लोटून घे."