पडद्याचं कुलूप आणि आतला मजकूर

२०१३ साली मी पहिला स्मार्टफोन घेतला. त्याला चार आकड्यांचं कुलूप घातलं आणि निर्धास्त झालो. कवितांच्या वहीचे फोटो त्यात होते. एकदा काच फुटली म्हणून फोन दुरुस्तीला दिला. दुसऱ्या दिवशी दुकानातला पोरगा म्हणतो, "चाचा, कविता वाचल्या तुमच्या. छान आहेत." आकडे तर मी त्याला सांगितले नव्हते! त्यानं मेमरी कार्ड काढून संगणकात घातलं होतं, एवढंच.

कुलूप पडद्याला होतं, साठवलेल्या मजकुराला नव्हतं. मजकुराच्या कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात. त्यात प्रत्येक अक्षर किल्लीशिवाय लागणार नाही अशा सांकेतिक रूपात लिहिलं जातं. ही किल्ली तुमचे आकडे आणि फोनच्या चिपमधलं गुपित मिळून तयार होते. त्यामुळे आतला साठा काढून दुसऱ्या यंत्राला जोडला तरी हाती गिचमिडच येते. चार आकड्यांच्या जुळण्या दहा हजारच. पण चुकलं की फोन थांबायला लावतो. २०१६ साली एका गुन्हेगाराच्या आयफोनसाठी अमेरिकेच्या एफबीआयला कोर्टात जावं लागलं होतं. शेवटी तिसऱ्याच कुणाच्या मदतीनं तो उघडला, म्हणजे अभेद्य असं काही नसतंच. अँड्रॉइडच्या नव्या फोनांना २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून हे सक्तीचं झालं.

एक मेख मात्र आहे. फोन सुरू केल्यावर एकदा आकडे टाकले की बऱ्याचशा मजकुराची किल्ली आत तयारच राहते. मग पुढे राखण पडद्याच्या कुलपाचीच. म्हणून फोन परक्या हाती देताना नुसता लॉक करू नका, बंद करून द्या. आणि मेमरी कार्ड काढून घ्या. ते अनेकदा आजही उघडंच असतं.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. अम्मी जात्यावर म्हणायची ती गाणी त्यानं तिच्याच आवाजात फोनमध्ये भरून ठेवली होती. दुसरीकडे कुठंही त्याची नक्कल नाही. त्याचे आकडे वहिनीला ठाऊक नाहीत. आम्ही जन्मतारखा टाकून पाहिल्या, लग्नाची तारीख टाकली. दर खेपेला फोन आणखी वेळ थांबवतो. शेवटी त्याच दुकानात गेलो. तो पोरगा आता मालक झालाय. फोन उलटसुलट करून म्हणाला, "चाचा, यात कार्डच नाही. आतलं मला काढता येणार नाही."

फोन माझ्या कपाटात आहे. महिन्याकाठी एकदा चार्जिंगला लावतो.