महामार्गाची आखणी आणि माणसाचा जीव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९४३ साली नागपुरात देशभरचे प्रमुख अभियंते एकत्र आले आणि त्यांनी हिंदुस्थानच्या रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. त्यापूर्वी, १९२७ साली नेमलेल्या, मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्ते हा केवळ प्रांतांचा आणि स्थानिक मंडळांचा विषय न राहता राष्ट्राचा विषय झाला पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. परकीय राजवटीत तयार झालेल्या या योजनांकडे भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. लष्कराच्या हालचाली आणि कच्च्या मालाची वाहतूक त्यांच्या मुळाशी होतीच. तरीही नागपूर योजनेतील एक सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेतीने समृद्ध असलेल्या भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, असे त्या योजनेने ठरविले होते. म्हणजे मोजणीची सुरुवात गावापासून होती. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही उतरंड गावाला बाजारपेठेशी जोडण्यासाठी होती.

आज महाराष्ट्रात महामार्गांची जी आखणी चालली आहे, तिची मोजणी दुसऱ्याच टोकापासून सुरू होते. दोन दूरची शहरे नकाशावर घ्यावयाची, त्यांतील प्रवासाचे तास किती कमी होतील हे जाहीर करावयाचे आणि मग मधल्या गावांना कळवावयाचे, असा तो क्रम आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच पद्धतीने आला. शिर्डीपर्यंतचा त्याचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. त्यापाठोपाठ वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंतचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा, सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग शासनाने पुढे आणला. त्याचा अंदाजित खर्च ८६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीस मान्यता दिली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, परभणी, नांदेड या भागांतील शेतकऱ्यांनी त्याला केलेला विरोध सर्वश्रुत आहे.

या विरोधाची टिंगल ‘विकासाचे शत्रू’ अशा शब्दांनी करण्यात आली. वस्तुस्थिती काय आहे? नागपूरहून यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली-कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग अस्तित्वात आहे आणि त्याच्या रुंदीकरणावर सार्वजनिक पैसा खर्च झालेला आहे. नवा मार्ग बऱ्याच अंतरापर्यंत त्याला समांतर जातो. मग पहिल्या रस्त्याची क्षमता संपली हे कोणत्या मोजणीवरून ठरले, हा प्रश्न विचारणारा शेतकरी विकासाचा शत्रू कसा ठरतो? कोल्हापूरच्या शेतकऱ्याला आणखी एक भय आहे आणि ते काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा घडले. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात भरावाचा आणखी एक बांध घातला तर फुगवटा कोणाच्या शिवारात शिरेल, याचे उत्तर आखणीपूर्वी मिळाले पाहिजे.

कायद्याची बाजूही पाहावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची तरतूद केली. दीर्घ जनआंदोलनांतून मिळालेले ते फळ होते. परंतु २०१८ साली महाराष्ट्राने त्या कायद्यात दुरुस्ती करून १९५५ च्या महामार्ग कायद्याखालील संपादनाला त्यातून वगळले. मोबदल्याचा आकडा राहिला, पण प्रकल्प हवा की नको, कोठून हवा, कोणाचे काय जाईल, याची जाहीर तपासणी गेली. पाचपट मोबदला दिला की प्रश्न मिटला असे मानणारे लोक सातबारावर नाव नसलेल्या शेतमजुराचा आणि वाटेकऱ्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडतात?

पण भूसंपादन हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. उरलेल्या अर्ध्या भागाविषयी पुरोगामी चळवळीतही फारसे बोलले जात नाही. तो भाग म्हणजे रस्त्यावरचे मरण.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात पंधरा हजारांहून अधिक. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते, १९.५ टक्के पायी चालणारे होते. म्हणजे दर तीन मृतांतील जवळजवळ दोघे मोटारीत बसलेलेच नव्हते. देशाच्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे, पण मृत्यूंत त्यांचा वाटा ३६ टक्क्यांहून अधिक आहे. हे मरण वर्गनिरपेक्ष नाही. पहाटे दूध घालायला निघालेला, पाळी संपवून सायकलीने परतणारा, शाळेसाठी रस्ता ओलांडणारा, असा तो मृत आहे. महामार्गाचा आराखडा ज्याच्यासाठी काढला जातो तो प्रवासी वेगळा आणि महामार्गावर मरणारा माणूस वेगळा, ही या आकड्यांतली खरी गोष्ट आहे.

सरकारी उत्तर ठरलेले असते : चालकाची चूक, अतिवेग. चालक चुकतो हे खरे आहे, माणूस चुकणारच. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली जे धोरण स्वीकारले, त्याचा पाया हाच की माणूस चुकणार हे गृहीत धरून, चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही असा रस्ता बांधणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. धडकेचा आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की आघात चौपट. म्हणून जेथे पायी माणूस आणि वेगवान वाहन एकत्र येतात तेथे दोहोंपैकी एकच गोष्ट शक्य असते, वेग कमी करणे किंवा दोघांना अलग करणे. नुसत्या फलकाने वेग कमी होत नाही.

अलग करण्याचा प्रयोग आपल्याकडे कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. रस्ता चौपदरी होतो, मध्ये दुभाजक येतो, आणि गावाचे घर एका बाजूला तर शेत दुसऱ्या बाजूला राहते. भुयारी मार्ग ठेवला जातो, पण दीड-दोन किलोमीटर दूर. सेवारस्ता मध्येच तुटतो. मग ट्रॅक्टर उलट्या दिशेने येतो, दुचाकीवाला दुभाजकाच्या फटीतून वळतो, बाया डोक्यावर भारा घेऊन कठडा ओलांडतात. पोलिसांच्या कागदावर ही सारी ‘बेशिस्त’ असते. वास्तविक ती आखणीतील त्रुटीची पायाने दिलेली दुरुस्ती असते. ऊसपट्ट्यातील गळीत हंगामाचे उदाहरण घ्यावे. रात्री मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या मंद गतीने चाललेल्या असतात, बैलगाड्या असतात, त्यांवर बीड जिल्ह्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे असतात. ही वाहतूक दरवर्षी ठरल्या महिन्यांत, ठरल्या रस्त्यांवर होते. तिची स्वतंत्र मार्गिका आखणे अभियंत्याला अशक्य नाही. तिची गणनाच आराखड्यात होत नाही, एवढेच.

‘अपघातप्रवण स्थळ’ या शब्दाची शासकीय व्याख्या तर विलक्षण आहे. सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच प्राणांतिक वा गंभीर अपघात झाले पाहिजेत, किंवा दहा माणसे मेली पाहिजेत. तेव्हा ते स्थळ यादीत येते. नवव्या मृताच्या नातलगांनी काय समजावे?

समृद्धी महामार्गाचा अनुभव ताजा आहे. तो खुला झाला तेव्हा वाटेवर विश्रांतीची आणि इतर सोयींची पुरेशी व्यवस्था नव्हती. सरळ, एकसुरी रस्ता, ताशी १२० किलोमीटरची मुभा आणि न थांबता चालविणारे चालक. १ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी सिंदखेड राजाजवळ खाजगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैच्या मध्यरात्री, शहापूर तालुक्यात पुलाचे काम चालू असता तुळई उचलणारे यंत्र कोसळून २० जण ठार झाले. रस्ता बांधताना मेलेला मजूर अपघाताच्या चर्चेत सहसा येत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून या राज्याचे रस्ते करणाऱ्यांचीही आठवण कोणत्या उद्घाटनाच्या फलकावर कोरलेली आढळत नाही.

जबाबदारी कोणाची? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ घालण्यात आले. सदोष आखणी, बांधणी वा देखभालीमुळे मृत्यू झाल्यास अधिकारी संस्था, सल्लागार वा ठेकेदार यांना दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये. हजारो कोटींच्या कामात या रकमेची तरतूद ठेकेदार चहापाण्याच्या खर्चात करू शकेल.

हे सारे टाळता येत नाही असे मात्र नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली मृतांची संख्या दीडशेच्या घरात होती. त्या वर्षापासून प्रत्येक अपघाताची जागेवर चिकित्सा, कठड्यांची दुरुस्ती, वेगावर नियंत्रण आणि जखमींना त्वरित मदत असे प्रयत्न सातत्याने झाले, आणि पुढच्या काही वर्षांत, टाळेबंदीच्या आधीच, ती संख्या बरीच खाली आली. दुसरे उदाहरण सावित्री नदीचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि त्यांतील माणसे गेली. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. तोच मुंबई-गोवा महामार्ग! त्याच्या पळस्पे-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि २०२५ च्या गणेशोत्सवातही चाकरमानी अपुऱ्या महामार्गावरूनच कोकणात गेले. खड्ड्यांवर दरवर्षी आश्वासने होतात, चतुर्दशीनंतर ती विसर्जित होतात. एक नवा महामार्ग आखण्याआधी चौदा वर्षे अपुरा राहिलेला जुना महामार्ग पुरा करावा, ही मागणी क्रांतिकारक मुळीच नाही. ती साध्या व्यवहाराची आहे.

मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. नव्या आलिशान गाड्या काढणे त्यांना अवघड नव्हते. पण बहुसंख्य प्रवासी ज्या डब्यात बसतो त्या डब्याकडे त्यांनी प्रथम पाहिले. रस्त्यांच्या बाबतीत तो डबा म्हणजे जिल्हा मार्ग, एसटीचा थांबा आणि पायी चालणाऱ्याची कडेची पट्टी. एसटीच्या फेऱ्या कमी झाल्या की माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो किंवा वडापच्या जीपला लोंबकळतो. म्हणून एसटी सक्षम करणे हाही रस्तासुरक्षेचाच कार्यक्रम आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी ‘महामार्ग रद्द करा’ या घोषणेवर थांबू नये, जेथे ती योग्य आहे तेथेही. प्रत्येक तालुक्यात पोलीस ठाण्यातून मागील तीन वर्षांच्या अपघातांची नोंद माहितीच्या अधिकाराखाली मागवावी, ती गावच्या नकाशावर मांडावी आणि तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. कोठे माणूस मेला, तो पायी होता की दुचाकीवर, तेथे दिवा होता काय, रुग्णवाहिका किती वेळाने आली, जवळचे शस्त्रक्रियेची सोय असलेले सरकारी रुग्णालय किती अंतरावर आहे, हे त्यात असावे. नव्या मार्गाच्या सुनावणीत शेतकऱ्यांच्या हरकतींबरोबर हा नकाशाही दाखल करावा, आणि आखणी कायम होण्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञांकडून सुरक्षा-तपासणी होऊन तिचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा असा आग्रह धरावा. साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांत ज्यांचे वजन आहे त्यांनी एवढे तरी करावे, की हंगामाची पहिली मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लागलेली असेल. तिला फारसा खर्च येत नाही, आणि हंगाम दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो.