ओसाड मठाची घंटा



ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी ज्या आळे गावात आहे, तेथे खरे तर पंडिताने बोलावे. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा चूकभूल पदरात घ्या.

जुन्या गोव्याच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक मनोरा आहे, उंची सुमारे ४६ मीटर. संत ऑगस्टीनच्या नियमाने राहणारे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. त्यांच्या चर्चचे बांधकाम १५९७ पासून १६०२ पर्यंत चालले. त्याचे चार मनोरे होते; त्यांतल्या एकाचा हा उरलेला निम्मा भाग. शिराझला १६२४ मध्ये मारली गेलेली जॉर्जियाची राणी केटेवान, तिच्या अस्थी याच साधूंनी येथे आणल्या. उत्खननात सापडलेले हाड भारताने २०२१ मध्ये जॉर्जियाला सुपूर्द केले.

मठ चालायला धन लागते. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत शिलालेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरूडकाम करणाऱ्यांची आणि कासारांचीही नावे तेथे आहेत. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघच की! म्हणून मला ते शिलालेख आपल्या घरचे वाटतात. गोव्यातले तसे वाटत नाही. तेथे सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि भर रस्त्यावर गुलामांचा बाजार भरे. या साधूंचे गोडवे मी गाणार नाही.

पण मठ बुडाला कसा? इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले. शेवटी मोडलेला वॉल्थमचा मठ ऑगस्टिनियनांचाच. पोर्तुगालात यादवी संपून उदारमतवादी जिंकले आणि ३० मे १८३४ च्या फर्मानाने पुरुषांचे सारे मठ बंद झाले, मालमत्ता सरकारजमा झाली. गोव्यात अंमल १८३५ मध्ये झाला. दोन्हीकडे धर्माची भाषा होती, स्वातंत्र्याची भाषा होती. तिजोरी मात्र रिकामी होती.

मग जे व्हायचे ते झाले. राखण करणारे कोणी उरले नाही; १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा. मी एका बंद गिरणीच्या फाटकाशी बरेच महिने बसलो आहे. यंत्रे आधी गेली, मग पत्रे, मग दारांच्या चौकटी. माणसे कुठे गेली ते विचारायला कोणी आले नाही. मठाविषयी वाचतानाही मला राणीचे हाड सापडले, घंटेचा प्रवास सापडला. जांभा फोडणाऱ्याचे, भांडी घासणाऱ्याचे नाव काही सापडले नाही.

घंटेचे सांगायचे राहिले. ती आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये बसवली. ते उंच पायऱ्यांचे पांढरे चर्च तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पुन्हा गेलात तर खाली थोडे थांबा. वाजते ती हीच.