वेबला भोक पाडण्याआधी

आज बोलू या कंपोझिट बीमच्या शिअरबद्दल. म्हणजे खाली स्टीलचा आय-बीम, वर डेक शीट आणि काँक्रीटचा स्लॅब, आणि दोघांना बांधून ठेवणारे वेल्ड केलेले स्टड.

यात शिअर दोन प्रकारे येतो. एक आडवा. दोन फळ्या एकावर एक ठेवून मधे दाबल्या की त्या एकमेकींवरून सरकतात ना, तसं. हे सरकणं स्टड अडवतात. दुसरा उभा, आणि साध्या स्पॅनमध्ये तो सपोर्टपाशी सर्वात जास्त. तो घेते स्टीलची वेब. स्लॅबही थोडा वाटा उचलतो, हे प्रयोगांत दिसलंय. पण काँक्रीटला तडे जातात, म्हणून डिझाइनमध्ये तो सहसा धरत नाहीत.

आता आकडे बघू. आयएसएमबी ४०० घ्या: उंची ४००, वेब ८.९ मिमी, स्टील २५० ग्रेडचं. आयएस ८०० प्रमाणे शिअरची ताकद येते सुमारे ४६७ किलोन्यूटन. समजा ८ मीटर स्पॅन, बीममधलं अंतर ३ मीटर, आणि फॅक्टर्ड भार चौरस मीटरला १२ किलोन्यूटन. सपोर्टवर शिअर येतो १४४. तिपटीहून जास्त ताकद! म्हणूनच शिअरकडे कुणी फारसं बघत नाही.

आणि मग एसीच्या डक्टवाला येतो. सपोर्टजवळ २०० मिमी उंच, ४०० मिमी लांब चौकोनी भोक मागतो. वेब अर्धी उरली, ताकद २३३. तरी १४४ पेक्षा जास्तच, मग पास?

नाही! भोकाच्या वर-खाली दोन टी-आकार उरतात, आणि शिअर पलीकडे नेताना ते स्वतःच वाकतात. १४४ गुणिले ०.४, म्हणजे सुमारे ५८ किलोन्यूटन-मीटर. चार कोपऱ्यांत वाटले तर प्रत्येकी १४ च्या वर. एका टीची ताकद मात्र जेमतेम १०. वरच्या टीला स्लॅबची मदत होते खरी, पण तिथले स्टड टिकले तरच. आणि खालची टी तर एकटीच असते.

म्हणून साइटवरच्या मंडळींनो, गॅस कटर लावण्याआधी डिझायनरला फोन करा. भोक सपोर्टपासून लांब, वेबच्या मध्यावर, शक्यतो गोल ठेवा. चौकोनीच हवं असेल तर कापण्याआधी वर-खाली आडव्या स्टिफनर पट्ट्या वेल्ड करून घ्या, आणि त्या कोपऱ्यांच्या पुढे न्या.