सोयाबीनचं भुसकट पेटवू नका



सोयाबीनची रास घरी आली, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात बऱ्याच शिवारांतून धूर दिसू लागतो. मळणी यंत्रामागं पडलेला भुसकटाचा ढीग पेटवायचा आणि रान हरभरा-ज्वारीसाठी मोकळं करायचं, अशी रीत पडली आहे. ज्वारीचा कडबा कोणी असा पेटवत नाही. त्याची गंज लागते, कारण तो जनावराच्या तोंडी जातो. भुसकटाला तेवढं मोल नाही, असं आपण धरून चाललो आहोत. आज त्याचाच हिशेब मांडू.

पिकाला ऊनही लागतं आणि अन्नद्रव्यंही लागतात. पण दोघांची चाल वेगळी आहे. उन्हातली शक्ती पानात साठते. पाला शेळीनं खाल्ला, की त्यातली बहुतेक शक्ती हिंडण्या-फिरण्यात आणि अंगाच्या उबेत खर्च होते. ढोबळ मानानं दहावा हिस्सा मांसात उतरला, तरी पुष्कळ. गेलेली ऊब परत येत नाही, पण सूर्य उद्या पुन्हा उगवतो. स्फुरद आणि पालाश मात्र असे रोज नव्यानं येत नाहीत. ते रानातून गेले, की आपणच परत आणावे लागतात.

आता बघा, दहा क्विंटल सोयाबीन बाजारात नेलं, की त्याबरोबर सुमारे साठ किलो नत्र जातं. युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ तीन गोण्यांतलं हे नत्र झालं. त्यातला मोठा वाटा मुळांवरच्या गाठींनी हवेतून घेतलेला असतो, हे खरं. पण सोबत गेलेला वीसेक किलो पालाश आपल्या काळ्या रानातलाच. दाणा विकावाच लागतो, त्याला इलाज नाही. भुसकटाचं तसं नाही, ते आपल्या हातात आहे. पेटवलं, की त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरावाटे जातं आणि उरलेली राख वाऱ्यावर.

आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मातीतल्या जिवाणूंना आणि गांडुळांनाही जगायला शक्ती लागते. ती त्यांना काडीकचऱ्यातून आणि शेणातून मिळते. नुसत्या खताच्या गोणीवर त्यांचं पोट भरत नाही. आपल्याकडच्या उन्हात सेंद्रिय अंश लवकर जळून जातो, म्हणून तो दरसाल द्यावा लागतो.

मग करायचं काय? भुसकट गोठ्यात जनावरांखाली अंथरा. जनावराच्या मुतात पालाशचा मोठा वाटा असतो, नत्रही भरपूर असतं, आणि आपण ते मोरीवाटे सोडून देतो. ते भुसकटात मुरू द्या. भिजलेलं भुसकट खड्ड्यात वीतभर थरानं टाका, प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडा. ओल राखा, महिन्यानं एकदा उलथा. उन्हाळ्याअखेर रानात टाकायला खत तयार होईल. कच्चं भुसकट मात्र पेरणीच्या तोंडावर गाडू नका. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं.

ज्यांच्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यांच्या घरी तर चालतं-फिरतं खत आहे. बालाघाटाच्या माळावरचा पाला खाऊन ती लेंडी आपल्या वाड्यात आणून टाकते. रानात मेंढ्या बसवून धनगराला धान्य देणारे आपले वडीलधारे काही वेडे नव्हते.

पाण्याबरोबर जातं तेही थोडं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात पूर आला आणि कित्येकांची रानं खरडून गेली. माती उताराला लागली, की तिचा बराच भाग तलावात जाऊन बसतो. राज्य शासनानं २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली, ती हाच गाळ पुन्हा शेतात नेण्यासाठी. हलक्या, मुरमाड रानाला गाळ मानवतो. आधीच चोपण, पाणी धरणाऱ्या काळ्या रानात तो टाकू नये. आणण्याआधी गाळाचा नमुना तपासून घ्या. चुनखडीचं प्रमाण जास्त निघालं, तर वाहतुकीचा खर्च करू नका.