संच : मोजणीपूर्वीचा विचार

(शिक्षक, शिक्षण विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

गणित म्हणजे आकडेमोड, अशी समजूत समाजात दृढ आहे. वस्तुतः कोणतीही मोजणी सुरू होण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. मोजावयाचे नेमके काय? कोणती वस्तू गणनेत येते आणि कोणती येत नाही? हा निर्णय काटेकोरपणे करण्याची भाषा म्हणजे संचांची भाषा होय. जर्मन गणिती जॉर्ज कँटर यांनी १८७४ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून या शास्त्राचा पाया घातला. आज गणिताच्या बहुतेक शाखा याच भाषेचा आश्रय घेतात.

महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या गणित भाग १ या पाठ्यपुस्तकाचे पहिलेच प्रकरण संचांचे आहे. संज्ञा, चिन्हे आणि सूत्रे तेथे एकामागून एक पुढे येतात. पूर्वतयारी नसलेल्या विद्यार्थ्यावर ती नुसती पाठ करण्याची पाळी येते. ही पूर्वतयारी सहावी ते आठवीच्या वर्गांत, वेगळा पाठ न वाढविता, सहज करून घेता येण्याजोगी आहे.

याबाबतीत परदेशातील एक अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९५७ साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत ‘नवे गणित’ या नावाने शालेय अभ्यासक्रमाची पुनर्रचना झाली आणि संचांची परिभाषा थेट लहान वर्गांपर्यंत पोहोचली. पालकांना ती अपरिचित होती. पुष्कळ शिक्षकांचीही तयारी झालेली नव्हती. पुढे या प्रयोगावर कठोर टीका झाली. गणिती मॉरिस क्लाइन यांनी त्याच्या अपयशावर १९७३ मध्ये एक पुस्तकच लिहिले. दोष संचकल्पनेचा नव्हता. अनुभवाच्या आधी चिन्हे आली, हा खरा दोष होता.

म्हणून आरंभ चिन्हाने न करता अटीने करावा. ‘वर्गातील हुशार मुले’ हा संच होत नाही. कारण हुशार कोणास म्हणावे याबाबत मतभेद होतात. ‘आठवड्याचे वार’ हा संच होतो. त्यात कोण आहे याविषयी वादाला जागा नाही. ‘गावातील लहान शेतकरी’ एवढेच म्हटले, तर दहा माणसे दहा याद्या करतील. मात्र ‘एक हेक्टरहून अधिक व दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेले खातेदार’ असे म्हणताच यादी एकच होते. अट सुस्पष्ट हवी, हा संचाचा पहिला धडा. तो शिकविण्यास एकही चिन्ह लागत नाही.

दुसरा धडा शाळेच्या पटांगणात घ्यावा. फक्कीने एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे आखावीत. ज्यांच्या घरी गाय आहे त्यांनी एका वर्तुळात, शेळी आहे त्यांनी दुसऱ्यात उभे राहावे. दोन्ही असलेली मुले घोटाळतात आणि थोड्या विचारानंतर मधल्या सामाईक भागात येऊन उभी राहतात. काहीच नसलेली मुले वर्तुळांबाहेर राहतात. तीही वर्गाचीच आहेत, हे आवर्जून सांगावे. समजा, ४० मुलांपैकी २२ जणांकडे गाय, १५ जणांकडे शेळी व ६ जणांकडे दोन्ही आहेत. बेरीज ३७ येते. पण वर्तुळांत मुले उभी आहेत ३१. ही ६ मुले दोनदा मोजली गेली, हे विद्यार्थी स्वतःच शोधून काढतात. छेदसंच, संयोगसंच ही नावे त्यानंतर सांगितली म्हणजे ती ओझे वाटत नाहीत.

तिसरी पायरी नेहमीच्याच अभ्यासक्रमात आहे. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. १८ चे १, २, ३, ६, ९, १८. दोहोंत सामाईक १, २, ३, ६; त्यांतील सर्वांत मोठा ६ म्हणजेच मसावि. भूमितीतही तेच दिसते. आयत आणि समभुज चौकोन या दोन संचांच्या सामाईक भागात जे चौकोन येतात, ते सारे चौरस. ‘चौरस हा आयत असतो का?’ या प्रश्नाशी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला ही आकृती पुरेशी ठरते. रिक्त संच समजावून देण्यास दोन डब्या घ्याव्यात. एक रिकामी ठेवावी, दुसरीत शून्य लिहिलेली चिठ्ठी टाकावी. दुसरी डबी रिकामी नव्हे, हे मूल तात्काळ सांगते.

या शिक्षणाचा संबंध पंचायतीच्या कारभाराशीही पोहोचतो. समजा, एका गावात नळजोडणी नसलेली घरे १२० व शौचालय नसलेली घरे ८० आहेत. अहवालात ‘२०० घरे सुविधांपासून वंचित’ असे लिहिले गेले. परंतु ५० घरे दोन्ही याद्यांत आहेत. खरा आकडा १५० आहे. फुगलेल्या आकड्यावर आखलेली योजना कोलमडते. उलट अट संदिग्ध राहिली, तर गरजू कुटुंब यादीबाहेर राहते आणि त्याच्या बाजूने बोलण्यास कागदावर आधार उरत नाही. यादीतील चूक ही अखेर कोणाच्या तरी वाट्यातील चूक असते.

सबब पंचायतींनी अशा याद्या, कुटुंबांची नावे वगळून केवळ घरक्रमांकांसह, उदाहरणांसाठी शाळांना उपलब्ध करून द्याव्यात. शिक्षकांनी चिन्हांची घाई करू नये. पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनी वही तपासताना ‘छेदसंचाची व्याख्या लिहिली का?’ एवढेच न पाहता, ‘हे घर या यादीत का आले?’ असा प्रश्न विद्यार्थ्याला विचारावा. आज सातवीत असलेली मुले थोड्याच वर्षांत ग्रामसभेत बसणार आहेत. तेथे वाचली जाणारी यादी कोणत्या अटीवर झाली आणि कोणाचे नाव दोनदा मोजले गेले, हे विचारण्याची सवय त्यांच्या अंगी बाणली, तर वर्गातील त्या दोन वर्तुळांचे चीज झाले असे म्हणता येईल.